सर, आवाज तर येत नाहीये

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाने आपल्या गाडीच्या इंजिनातून आवाज येतोय, हे लिफ्टमध्ये बोलू नये. इतर गावांत लोक ‘अरेरे’ म्हणतात आणि आपापल्या मजल्यावर उतरून जातात. आमच्याकडे मजला येतो, दार उघडतं, आणि कोणीच उतरत नाही. कारण लिफ्टमधल्या चौघांपैकी एकाने जन्मभर क्रँकशाफ्ट तपासलेले असतात, दुसऱ्याची भोसरीत पिस्टन पिनांची शेड असते, तिसरा चाकणला वेल्डिंगच्या लाईनवर असतो, आणि चौथा आयटीतला आहे म्हणून जरा हायसं वाटावं, तर तो नेमका गाड्यांच्याच सॉफ्टवेअरचं काम करत असतो. “आवाज कसला? टकटक की खरखर?” “थंड असताना की गरम?” दार दोनदा मिटू पाहतं. कोणाचा तरी पाय मध्ये असतो.

गावाची घडणच तशी आहे. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात टेल्को पिंपरीत आणि बजाज आकुर्डीत आली, आणि त्यांना नट, बोल्ट, बुश, गॅस्केट पुरवणाऱ्या शेड भोसरीत एकीला लागून एक उभ्या राहिल्या. पुढे चाकण, तळेगाव, रांजणगाव. विशी-बाविशीत गेटवर कार्ड पंच करणारी ती पिढी आता प्राधिकरणातल्या सोसायट्यांमध्ये निवृत्त होऊन बसली आहे. डोळे शाबूत आहेत, कान तिखट आहेत, खिशात अजून व्हर्निअर असतो, आणि मोजायला काही नाही. अशा ठिकाणी बिघडलेलं इंजिन ही मालकाची खासगी बाब राहत नाही.

माझ्या गाडीचा आवाज फक्त सकाळी यायचा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केली की पहिले तीन-चार सेकंद, डालड्याच्या डब्यात मूठभर खिळे टाकून हलवावेत तशी खडखड. मग एकदम शांत. इतकी शांत, की मघाचा आवाज आपणच तोंडाने काढला की काय अशी शंका यावी.

हा आवाज अधिकृत सर्व्हिस सेंटरला ऐकवायचा होता, आणि तिथेच सगळं अडलं. सेंटर घरापासून दूर. तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम, ऑईल सगळीकडे फिरलेलं, आवाज गायब. सर्व्हिस ॲडव्हायझर हे पद आपल्याकडे साधारण चोवीस वर्षांच्या मुलाला देतात. त्याने बॉनेट उघडलं, मान तिरकी केली, मला दोनदा रेस द्यायला लावली आणि फार अदबीने म्हणाला, “सर, आवाज तर येत नाहीये.” जॉब कार्डावर त्याने दोन ओळी लिहिल्या. तक्रार: ग्राहकाच्या म्हणण्यानुसार आवाज. निरीक्षण: आवाज नाही. खाली माझी सही घेतली. म्हणजे आवाज येत नाही हे मी मान्य केलं, आणि तो माझ्या म्हणण्यानुसार येतो हेही मीच मान्य केलं.

मी मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला. “सर, मोबाइलमध्ये कुठलाही आवाज मोठाच येतो.” बरं. मग ठरलं की गाडी रात्री तिथेच ठेवायची आणि सकाळी सर्वांसमक्ष सुरू करायची. सकाळी सेंटर उघडताना मी हजर. गाडी धुऊन, पुसून, आत कागदी पायपुसणं घालून दारात उभी. धुण्याच्या रॅम्पवर न्यायला कोणीतरी तिला तासाभरापूर्वीच सुरू केली होती. कोणी ते कळलं नाही. आवाज आला होता का, हे त्या अज्ञात माणसालाच ठाऊक, आणि त्याच्या म्हणण्याला जॉब कार्डावर रकाना नव्हता.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला मात्र मी विचारलंही नव्हतं. एका सकाळी सोसायटीच्या गेटाशी तो चहा पीत उभा होता. मी गाडी सुरू केली. त्याने कप ओठांपासून न काढता सांगितलं, “साहेब, टायमिंग चेन वाजतेय.” त्याच्याकडे स्कॅनर नाही, एसी लाउंज नाही, गणवेशावर नावाची पट्टी नाही, त्यामुळे त्याचं निदान बरोबर असलं तरी कागदावर त्याला किंमत नाही. उलट, ‘बाहेरच्या मेकॅनिकने गाडी हाताळली’ असं एकदा फायलीत लागलं की माझा खटला तिथेच आटोपणार. हे त्यालाही माहीत होतं. पुढे तो कधी बॉनेटजवळ आला, तर दोन्ही हात पाठीमागे बांधून यायचा.

मग तळमजल्यावरचे काका आले. काकांची सगळी नोकरी क्वालिटीत गेली. वेगवेगळ्या कंपन्यांत, पण खातं एकच: दुसऱ्याने बनवलेलं बघायचं आणि नको म्हणायचं. सकाळी साडेसहाला स्वेटर घालून, हातात फूटभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते पार्किंगमध्ये उभे. टोक इंजिनाच्या पुढच्या कव्हरवर, मूठ कानाला. “कर चालू.” खडखड झाली, थांबली. काकांनी स्क्रू ड्रायव्हर दोन ठिकाणी सरकवला, रुमालाने पुसला. “टेन्शनर. चेनही लांबली असणार आता.”

मग त्यांनी मला जे समजावलं, त्यातलं काहीही पाच वर्षं ही गाडी चालवूनही मला ठाऊक नव्हतं. खाली क्रँकशाफ्ट, वर कॅमशाफ्ट, आणि दोघांना जोडणारी चेन. क्रँकचे दोन फेरे, तेव्हा कॅमचा एक. कुठला वाल्व्ह कधी उघडायचा, कधी मिटायचा, हा सगळा हिशेब त्या चेनच्या ताणावर. ताण देणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. रात्री इंजिन बंद झालं की ऑईल खाली उतरतं. ते टेन्शनरमधून मागे जाऊ नये म्हणून आत बारीकशी गोळी असते, कधी दातेरी खटकाही असतो. तिथे गडबड असली, की सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन सैल पडते आणि गाइडवर, कव्हरवर आपटते. रोज आपटून पिना झिजतात. “शंभर पिना धर. प्रत्येकीला वीस मायक्रॉन. म्हणजे किती? दोन मिलिमीटर. केसाच्या जाडीपेक्षा कमी झीज, पण शंभर वेळा.” चेन अशी लांबत गेली की एक दिवस दात चुकते. आणि दात चुकला, की उघडा राहिलेला वाल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकाच जागी एकाच वेळी पोचतात.

“मग काय होतं, काका?”

“मग तू बसने जातोस.”

गाडीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की ही चेन इंजिनाच्या आयुष्यभर टिकते. हे वाक्य लिहिणाऱ्याला मी मानतो. चेन तुटली की इंजिनाचं आयुष्यही संपतं, त्यामुळे ते कधीच खोटं ठरणार नाही.

आता वॉरंटीचं. तीन वर्षांची गाडीबरोबर आलेली, दोन वर्षांची वर पैसे भरून घेतलेली. ती उन्हाळ्यात संपली आणि आवाज दिवाळीच्या आधी आला. ज्याला ज्याला मी हे सांगितलं तो हसला. हसण्यात सहानुभूती होती, पण आश्चर्य नव्हतं. वस्तू वॉरंटी संपल्यावरच बिघडतात यावर आपल्या समाजात सर्व जातिधर्मांचं एकमत आहे. काकांना मात्र असल्या बोलण्याचा राग येतो. “वस्तूला काय कॅलेंडर दिसतं? हिशेब कर.” म्हणून केला. गाडी साठ हजार किलोमीटर चालली. शहरातला सरासरी वेग ताशी 40 आणि इंजिनाचे मिनिटाला 2000 फेरे धरले, तर दीड हजार तासांत अठरा कोटी फेरे. “अठरा कोटी फेऱ्यांत तो दोष पहिल्या फेऱ्यापासून आतच होता,” काका म्हणाले. “डिफेक्ट जन्माला येतो ड्रॉइंगवर, नाहीतर लाईनवर. तुला तो उशिरा भेटला, एवढंच.” वॉरंटी मोजते ती भेट. जन्म कोणी मोजत नाही.

सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं. चेन, गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट, सील, गॅस्केट, ऑईल, कूलंट, लेबर. तेवढ्यात एक नवी स्कूटर आली असती. गंमत म्हणजे न येणाऱ्या आवाजाचं एस्टिमेट त्यांनी दोन पानी आणि अगदी तपशीलवार केलं होतं. मी कंपनीला लिहिलं.

कंपनीशी पत्रव्यवहार हा एक वेगळाच अनुभव आहे आणि तो सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो त्याच्या सौजन्यामुळे. लक्ष्मी रोडवर वाढलेल्या माणसाला नकार ऐकायची सवय असते. ‘नाही’ हा शब्द दुकानाच्या पायरीवरच मिळतो, कधी पाटीवर लिहिलेलाही असतो. आपण मुकाट पुढच्या दुकानात जातो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. कंपनीच्या मेलांमध्ये तो शब्द एकदाही नव्हता. गैरसोयीबद्दल दिलगिरी होती. माझ्यासारखा ग्राहक लाभल्याचा आनंद होता. माझी तक्रार संबंधित विभागाकडे पाठवल्याची ग्वाही होती आणि खाली दर वेळी एक नवं, आडनाव नसलेलं नाव होतं. कंपनी म्हणे, डीलर आपल्याला योग्य मार्गदर्शन करतील. डीलर म्हणे, सर, निर्णय कंपनीचा असतो. आणि या दोघांच्या मध्ये होते एरिया सर्व्हिस मॅनेजर. ते गुरुवारी यायचे. मी गुरुवारी गेलो की ते बुधवारीच येऊन गेलेले असत. बुधवारी गेलो तर उद्या येणार असत. त्यांनी गाडी पाहिल्याची नोंद फायलीत होती, पण त्यांना पाहिलेला माणूस मला शेवटपर्यंत भेटला नाही.

एकदाच काय तो मुद्द्याचा मजकूर आला. आपल्या गाडीची 2020 सालची सर्व्हिस मुदतीनंतर झालेली दिसते, सबब इंजिनाच्या झिजेस देखभालीतील विलंब कारणीभूत असू शकतो. वाचून माझे कान गरम झाले. 25 मार्च 2020 पासून देशच बंद होता! सर्व्हिस सेंटरचं शटर खाली होतं, गाडी पार्किंगमध्ये उभी होती आणि तिच्या टपावर कबुतरांचा संसार चालला होता. मी तावातावाने लिहायला बसलो, पण काकांनी थांबवलं. “रागाचं काही लिहू नकोस. त्या वेळी बऱ्याच कंपन्यांनी सर्व्हिसची मुदत स्वतःच वाढवून दिली होती. यांची मेल आली होती का बघ.” आली होती. जाहिराती म्हणून बाजूला पडलेल्या ढिगात, ‘या कठीण काळात आम्ही आपल्यासोबत आहोत’ अशा मथळ्याखाली. मी फक्त तीच परत पाठवली, वर एक ओळही न लिहिता. उत्तरात दिलगिरी होती आणि आनंद होता. विलंबाचा उल्लेख पुन्हा झाला नाही.

दरम्यान तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना हे कळलं. आजोबा ग्राहक पंचायतीचे जुने कार्यकर्ते. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ही चळवळ सुरू केली तेव्हा ग्राहक संरक्षण कायदाच नव्हता. तो आला 1986 मध्ये, आणि त्याची जागा घेणारा 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. हे सगळं आजोबा तारखांसकट सांगतात, जिना चढता चढता. “जिल्हा आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं हेड ऑफिस कुठे का असेना. वकील लागत नाही. दोन वर्षांची मुदत आहे. गाडी पाच ते दहा लाखांतली ना? मग शुल्क दोनशे रुपये.” दोनशे रुपयांत हल्ली गाडी धुऊनही मिळत नाही, त्यामुळे मला फारच उत्साह आला.

तो आजोबांनीच कमी केला. आवाज येतो हे सांगून भागत नाही, निर्मितीतच दोष होता हे तक्रारदाराला दाखवावं लागतं. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल हवा. आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तशी तरतूद आहे. पण समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला: दोष होता, तर गाडी साठ हजार किलोमीटर चालली कशी? “म्हणजे गाडी चालली हाच माझ्याविरुद्ध पुरावा?” “हो,” आजोबा म्हणाले, “घरी उभी ठेवली असतीत तर केस भक्कम होती.”

रिकॉलचा रस्ताही त्यांनी तपासून ठेवला होता. मोटार वाहन कायद्यात 110-ए हे कलम आलं, 1 एप्रिल 2021 पासून सरकार सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं, सात वर्षांच्या आतल्या. पण दोष पर्यावरणाला किंवा माणसांच्या सुरक्षिततेला बाधक हवा. आजोबांच्या मते बोरघाटात ट्रकांच्या रांगेत इंजिन बंद पडणं यापेक्षा असुरक्षित काय असणार. काकांच्या मते ते खरं, पण ते आधी बंद पडायला हवं. माझ्या घरच्या हॉलमध्ये, माझाच चहा पीत, मी बोरघाटात बंद पडावं की नाही यावर दोघांचा बराच वेळ वाद झाला. बायको आतून म्हणाली, “पडायचंच असेल तर येताना पडा. जाताना माझी आई गाडीत असते.”

त्या संध्याकाळी काकांनी अमेरिकेतल्या थीटा-टू इंजिनाची गोष्ट सांगितली. माझ्या गाडीचा त्या कंपनीशी काही संबंध नाही, पण क्वालिटीतली निवृत्त माणसं ही गोष्ट एकमेकांना सांगतात. ह्युंदाईच्या अलाबामातल्या कारखान्यात ही इंजिनं बनत होती. क्रँकशाफ्टमध्ये ऑईल जाण्यासाठी भोकं पाडलेली असतात. मशिनिंगनंतर त्यांत धातूचा चुरा राहून गेला. बेअरिंगला ऑईल कमी पडू लागलं, ती झिजायला लागली आणि चालत्या गाड्यांची इंजिनं जाम होऊ लागली. 2015 मध्ये सुमारे 4 लाख 70 हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या गेल्या. “एक बर,” काकांनी अंगठा आणि तर्जनी जवळजवळ चिकटवून दाखवली. “भोकाच्या कडेला राहिलेली एवढीशी बर. भोसरीत आठवी पास पोरगा कानशीने काढतो ती.”

पण त्यांना खरी सांगायची होती ती पुढची गोष्ट. किम ग्वांग-हो नावाचा त्यांचाच इंजिनिअर, पंचविसाहून जास्त वर्षं तिथे काढलेली. कंपनी दोषाची व्याप्ती पुरती सांगत नाहीये असं त्याला वाटलं, आणि 2016 मध्ये कागद घेऊन तो अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याकडे गेला. नोकरी गेली. 2017 मध्ये रिकॉल आणखी गाड्यांपर्यंत वाढलं. 2020 मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून 21 कोटी डॉलरच्या दंडाच्या तडजोडीला तयार झाल्या, आणि त्याआधीच्या एका समझोत्यात त्या इंजिनांना आयुष्यभराची वॉरंटी द्यावी लागली. 2021 मध्ये त्या खात्याने किमला 2 कोटी 40 लाख डॉलरहून अधिक बक्षीस दिलं. काका रकमेपाशी थांबले नाहीत. “पंचवीस वर्षं माणूस त्याच टेबलाशी बसलेला असतो. समोर कागद असतो. सही करायची असते. मीही केल्यात.” कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, “सॉरी रे, तुला हा त्रास झाला.” माझी गाडी बनवणाऱ्या कंपनीत काकांनी एक दिवसही नोकरी केलेली नाही.

आणि मग एक दिवस कंपनीचा निर्णय आला. त्याचं नाव गुडविल. कंपनी सुट्या भागांचा निम्मा खर्च उचलेल, लेबर माझं, ही सवलत अपवाद म्हणून आणि एकदाच, आणि यातून कुठल्याही दोषाची वा जबाबदारीची कबुली अभिप्रेत नाही. आजोबा म्हणाले, नाकारा. गॅरेजवाला म्हणाला, घ्या साहेब, चेन थांबणार नाही. काका काहीच म्हणाले नाहीत, फक्त शेवटची अट पुन्हा वाचायला लावली: बदललेले जुने भाग कंपनीच्या मालकीचे राहतील. म्हणजे पुरावा त्यांच्याकडे जाणार आणि पावती माझ्याकडे राहणार. मी काउंटरवर विचारलं, निम्मे पैसे मी भरतोय, तर निम्मी चेन माझी का नाही? ॲडव्हायझरने हा प्रश्न खरंच वर विचारला. वरून उत्तर आलं की चेन अखंडच पाठवावी लागते.

मी होकार दिला. काका म्हणाले, “काम होईल त्या दिवशी मी येतो.”

सर्व्हिस सेंटरमध्ये ग्राहकाला काचेच्या अलीकडे बसवतात. कॉफीचं मशीन असतं, टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या चालू असतात, आणि काचेतून आपली गाडी लिफ्टवर चढलेली लांबून दिसते. पलीकडे जायला मनाई. काकांनी त्या दिवशी घरून निघतानाच जुने सेफ्टी शूज घातले होते. ते काचेचं दार ढकलून सरळ आत गेले आणि कोणी हटकलं नाही. शॉप फ्लोअरवर सेफ्टी शूज घालून सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्याला हटकायचं नसतं, हे त्या मुलांना बहुधा रक्तातच माहीत असावं. दहा मिनिटांत तीन टेक्निशियन त्यांच्याभोवती. मीही मागून घुसलो.

जुनी चेन आणि खोक्यातली नवी चेन, दोन्ही टूल बोर्डाच्या हुकांवर शेजारी शेजारी टांगल्या. व्हर्निअर लागलाच नाही. जुनी खाली उतरलेली उघड्या डोळ्यांना दिसत होती. काकांनी तरी मोजली. आकडा पाहून एका मुलाने शीळ घातली आणि मग सुपरवायझर येतोय का म्हणून मागे पाहिलं.

पण काकांचं लक्ष चेनवर नव्हतं. त्यांनी जुना टेन्शनर फडक्याने पुसला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्या अंगावर उमटवलेला नंबर वाचला. मग नव्या टेन्शनरच्या खोक्यावरचा वाचला. सगळे आकडे तेच. शेवटचं अक्षर वेगळं. जुन्यावर ‘ए’, नव्यावर ‘सी’.

“हा कधीपासून येतो रे?”

मुलगा घुटमळला. “बरेच दिवस झाले, काका. जुना आता येतच नाही. बंद झाला.”

काकांनी टेन्शनर टेबलावर ठेवला. दोन वेळा बदललेला! माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा मी पूर्वी न पाहिलेला होता. ते मनापासून खूश होते. “तुला माहितीये, ड्रॉइंगवरचं अक्षर बदलायला काय लागतं? मीटिंग लागते. डिझाइन, क्वालिटी, परचेस, व्हेंडर, सगळे बसतात. काय बदललं ते लिहावं लागतं. का बदललं तेही लिहावं लागतं. त्याशिवाय अक्षर पुढे सरकत नाही. त्यांच्या कुठल्यातरी फायलीत तुझा आवाज लिहिलेला आहे. दोनदा.”

आणि तिथे तो ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार’ असणार नाही, हे मला लिफ्टवरच्या माझ्या गाडीकडे बघताना सुचलं. मी दोन्ही नंबरांचे फोटो काढले. जुने भाग खोक्यात गेले, खोक्याला टेप लागली, टेपवर स्टिकर.

घरी येऊन मी कंपनीला शेवटचं पत्र लिहिलं. पैशांचं काही नाही, तक्रारही नाही, एकच प्रश्न: ‘ए’ आणि ‘सी’ यांत फरक काय? आजोबांनी हे पत्र वाचलं आणि पहिल्यांदाच एकही कलम न सुचवता परत दिलं. उत्तर लवकर आलं. उत्पादनांत सातत्याने सुधारणा करत राहणे हे आमचे धोरण आहे. आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आनंद वाटला.

आवाज गेला. सकाळी गाडी पहिल्या सेकंदापासून गुपचूप सुरू होते. लिफ्टमध्ये लोक अजून चौकशी करतात आणि मी ‘ठीक आहे’ म्हटल्यावर थोडे निराश होतात.

मग ॲडव्हायझरचा फोन आला. “सर, कंपनीकडून एक सर्व्हेचा कॉल येईल. प्लीज दहापैकी दहा द्या ना. आठ दिले तरी आमच्याकडे नापास धरतात, इन्सेंटिव्ह जातो.” मुलगा चांगला होता. निम्म्या चेनचा प्रश्न त्याने वरपर्यंत नेला होता. मी दहा द्यायचं कबूल केलं. कॉल आला तेव्हा काका घरीच होते. त्यांचा जावई नेमकी हीच गाडी घ्यायच्या विचारात होता आणि काकांचा त्याला पाठिंबा होता, कारण आता तिच्यात ‘सी’ येतो. ध्वनिमुद्रित बाईंनी गोड आवाजात स्वच्छतेबद्दल, वेळेबद्दल, कर्मचाऱ्यांच्या वागणुकीबद्दल विचारलं. मी दर वेळी एक आणि शून्य दाबत गेलो. शेवटचा प्रश्न होता: आमची गाडी आपण आपल्या परिचितांना सुचवाल का? स्पीकर चालू होता.

“हो म्हण,” काका म्हणाले. “पण त्यांना विचार, ‘बी’चं काय झालं?”

मी सांगितलं की काका, ही मशीन आहे, इथे फक्त बटण दाबता येतं. “मशीन असली म्हणून काय झालं,” असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा खाली ओढला आणि बाईंना जुना पार्ट नंबर पहिल्या आकड्यापासून वाचून दाखवायला सुरुवात केली.